मागून घेतलेला मनी प्लांट

जालन्यात मस्तगडाच्या एका गल्लीत बायनाबाईंचं घर आहे आणि त्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्यांत बेबीनंदा नावाची एक हट्टी बाई भाड्याने राहते. हट्टी हे लोकांचं म्हणणं. नवरा अप्पाराव म्हणतो, घरमालकीण बायनाबाई म्हणतात, भोकरदनला दिलेली लेक आकांक्षा फोनवर हसत हसत म्हणते. लोकांचं काय, आपल्या गैरसोयीचं कुणी सरळ वागलं की तो हट्टी, आणि सोयीचं वाकडं वागलं की तो समजूतदार. बेबीनंदा सरळ आहे. अशा बाईशी संसार करणं सोपं नसतं, हेही अप्पारावाला विचारून घ्यावं.

ती डोळ्यांच्या एका दवाखान्यात मावशी म्हणून काम करते. पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकायचे, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत न्यायचं, फरशी पुसायची. तिथे बाकड्यांशेजारी कोपऱ्यात हिरवीगार झाडं ठेवलेली होती. ती झाडं नवीन आली तेव्हा बेबीनंदाने त्यांना इमानेइतबारे पाणी घातलं, आणि ते खालून वाहतं म्हणून फरशी पुन्हा पुसली. शेवटी कंपाउंडरने सांगितलं की मावशी, ही प्लास्टिकची आहेत. सगळा दवाखाना हसला, एका डोळ्याला पट्टी बांधलेले पेशंटसुद्धा. तेव्हापासून ती त्यांच्यावर नुसतं ओलं फडकं मारायची, आणि हिरव्या रंगावर तिचा फारसा भरवसा राहिला नव्हता.

मग डॉक्टरांच्या घरात सून आली आणि तिने प्लास्टिकची झाडं काढून खरी आणली. एका दुपारी सवयीने फडकं फिरवता फिरवता बेबीनंदाचा हात थांबला. पान गार होतं. देठाशी एक कोवळं पान गुंडाळी करून बसलं होतं, ते काल नव्हतं. तिने मान वर करून बघितलं. बाकडी तीच, भिंतीचा रंग तोच, पण बसलेली माणसं जरा सैल होऊन बसल्यासारखी तिला वाटली.

आणि आपलं घर? आकांक्षा सासरी गेली, मुलगा बुद्धभूषण पुण्याला कंपनीत लागला, आणि दोन खोल्यांत दोन माणसं उरली. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. अप्पाराव लोखंडाच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला की जिन्याच्या पायरीवर बसायचा, बेबीनंदा दवाखान्यातून आली की त्याच्या खालच्या पायरीवर. चहासुद्धा तिथेच. घरात जावंसं वाटत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते एकमेकांना सांगत नव्हते. त्या दुपारी बेबीनंदाने ठरवलं की घरात झाड आणायचं.

अप्पारावाने ऐकलं आणि हात जोडले. त्याचं म्हणणं, जागा भाड्याची, खिळा मारायचा तरी मालकाला विचारावं लागतं, तिथे कुंड्या कसल्या मांडायच्या. आपलं घर होईल तेव्हा काय लावायचं ते लाव. शिवाय नळ येणार आठवड्याने, तोही त्याच्या मनात आलं तर. दुष्काळात हा तेरावा महिना कशाला? हे आपलं घर होईल तेव्हाचं पुराण बेबीनंदाने लग्नापासून ऐकलं होतं. पडदे आपल्या घरी, फळी आपल्या घरी, लेकरांचा फोटो मोठा करून भिंतीला लावायचा तोही आपल्या घरी. लेकरं मोठी होऊन निघून गेली आणि फोटो पेटीतच राहिला.

"मी इथं जगून राह्यले न?" ती म्हणाली. "मंग हेच माझं घर. जगणं काय भाड्याचं हाय का?"

अप्पारावाने कप उचलला आणि तो पायरीवर जाऊन बसला.

पहिलं झाड तिने नर्सरीतून आणलं, रुंद पानांचं, पांढऱ्या फुलाचं. आणि तिथे तिने अशी चूक केली की जी मंठा तालुक्यात वाढलेल्या बाईनेच करावी. नर्सरीवाला काकासाहेब म्हणत होता, कुंडीसाठी नारळाचा भुसा घेऊन जा. बेबीनंदाला हसू आलं. काळ्या मातीच्या मुलखात राहून नारळाचा भुसा विकत घ्यायचा? तिने गावाकडे भावाला, सूरजला, फोन केला आणि रानातली काळीभोर माती गोणीभर मागवली. हाताने ढेकळं फोडली, रंगाच्या रिकाम्या डब्यात दाबून दाबून भरली, वर मूठभर युरिया, कापसाला देतात तसा. पाणी घातलं की माती फुगायची आणि बेबीनंदाची छातीही. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली, देठ मऊ झाले आणि झाडाने मान टाकली. पुढे माती वाळली तेव्हा तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. डबा उपडा केला तर आतून वीटच निघाली.

ती वीट पिशवीत घालून ती तडक काकासाहेबाकडे गेली, भांडायलाच. त्याने वीट हातात घेऊन बघितली आणि सांगितलं की ताई, ही माती रानात सोनं आहे, पण डब्यात ती पाणी धरून बसते, सोडत नाही. तुमच्या झाडाची मुळं कुजली. निम्मा मुरूम घाला, थोडं शेणखत घाला आणि युरियाचं नावही काढू नका. बेबीनंदाने ऐकलं. आपलं चुकलं तर चुकलं म्हणायला तिला कधी जड गेलं नाही. तिला हट्टी म्हणणाऱ्यांनी हे मात्र कधी लक्षात ठेवलं नाही.

दुसऱ्या खेपेला झाडं लागली. तलवारीसारखी उभी पानं असलेलं स्नेक प्लांट दारामागे, कोरफड ओट्याच्या कडेला, बुद्धांच्या तसबिरीखाली नवं पांढऱ्या फुलाचं. पाणी म्हणाल तर तांदूळ-डाळ धुतलेलं, नळाच्या पाण्याचा थेंब नाही. एका रविवारी तिने पेटीतला लेकरांचा फोटो काढला आणि खिळ्याचं कुणाला न विचारता भिंतीवर लावून टाकला. त्यानंतर कधीतरी ती कामावरून आली तर पायरी रिकामी. अप्पाराव आत, सतरंजीवर, भिंतीला टेकून बसलेला. बाहेर डास फार झालेत, असं तो म्हणाला. डास काही कालच जन्माला आले नव्हते, पण बेबीनंदाने चहा आतच आणला.

आता राहिली ती खिडकी. समोर भिंत, ऊन नाही. काकासाहेब म्हणाला, तिथे फक्त मनी प्लांट तग धरेल. आणि मनी प्लांट तर खाली अंगणातच होता, बायनाबाईंचा. हौदाशेजारच्या कुंडीतून निघून, पाइपाला धरून, थेट गच्चीपर्यंत गेलेला, पानं तळहाताएवढी. बेबीनंदा खाली उतरली आणि म्हणाली, मावशी, याची एक फांदी द्या.

बायनाबाईंनी जीभच चावली. बायनाबाई वाईट बाई नव्हे, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या घरात जन्मल्या, नवऱ्याबरोबर जालन्यात आल्या, त्याने भुसार मालाचं दुकान टाकलं, घर बांधलं. आकांक्षाच्या लग्नात पाहुण्यांसाठी त्यांनी सगळं अंगण मोकळं करून दिलं होतं. पण मनी प्लांट हाताने द्यायचा नसतो म्हणे. दिला की देणाऱ्याच्या घरची लक्ष्मी त्याच्यासोबत जाते. चोरून नेला तर मात्र दोघांचंही भलं, नेणाऱ्याचा फोफावतो आणि ज्याचा नेला त्याचं काही जात नाही.

"उद्या आम्ही समदे लग्नाला चाललो," बायनाबाई डोळा बारीक करून म्हणाल्या. "तू जल्दी तोडून घे. मला काई म्हाईतच न्हाई."

"मी चोरणार न्हाई, मावशी," बेबीनंदा म्हणाली. "द्यायचं आसंल तर हातानं द्या."

ही गोष्ट गल्लीभर झाली. बाया म्हणाल्या, अगं, सगळ्यांच्याच घरचा तसाच आलेला असतो. आकांक्षा म्हणाली, आई, ती गंमत असते. अप्पाराव म्हणाला, त्यापेक्षा नर्सरीतून आण आणि मिटव. पण आता प्रश्न वेलाचा राहिलाच नव्हता. विकत आणला असता तर मागून मिळत नसतं, हे तिने कबूल केल्यासारखं झालं असतं.

गंमत! बेबीनंदा लहान असताना आईबरोबर कापूस वेचायला जायची. संध्याकाळी वजन झालं की मालकाचा माणूस बायांना थांबवायचा आणि लुगड्याच्या ओट्या झाडायला लावायचा. सगळ्यांना नाही. गावातल्या बाया तशाच घरी जायच्या, ओट्या झाडायच्या त्या फक्त बौद्धवाड्यातल्यांनी. आई लेकीसमोर ओटी सोडायची, झाडायची, पुन्हा नीट खोचायची आणि लेकीला घेऊन वाटेला लागायची. कधी बोंडभर कापूस निघाला नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या माउलीने जन्मात चोरी केली नाही आणि जन्मभर चोरी न केल्याचा पुरावा देत राहिली. ज्यांना कुणी कधी चोर समजलं नाही, त्यांना चोरीची गंमत सुचते. बेबीनंदाला ती सुचत नव्हती, आणि आपल्याला ती सुचत नाही याचा दोष लोकांनी आपल्यालाच द्यावा, याचा तिला संताप येत होता.

लग्नाहून परतल्यावर बायनाबाईंनी वेल न्याहाळला. एक पानही हललेलं नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, कारण त्यांना द्यायचं तर होतंच. मग त्यांनी आपल्या परीने तोड काढली. एका सकाळी बेबीनंदाच्या दाराशी वरच्या पायरीवर पाण्याची बाटली ठेवलेली दिसली, आणि बाटलीत मनी प्लांटची हिरवी फांदी. सून अंजूच्या हातून त्यांनी ती गुपचूप ठेववली होती. दिली म्हणायला नको आणि चोरली म्हणायला नको.

बेबीनंदा बाटली घेऊन खाली आली. बायनाबाई अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"मावशी, हे तुमचं वर राहिलं."

"माझं न्हाई," बायनाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "आलं आसंल कुठून. ठिव की गुपचीप."

"गुपचीप न्हाई ठेवणार."

तेव्हा बायनाबाईंनी सूप बाजूला सारलं. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांनी सांगितलं की हा वेल मालकांनी लावलेला. तो लागला आणि दुकान चाललं, बोअरला पाणी लागलं, हे घर उभं राहिलं. मालक गेले. आता परमेश्वरचं, म्हणजे मुलाचं, दुकान कसंबसं चालतं. या घराचं भलं करणारी एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती, तीही देऊन बसायची का?

बेबीनंदाला त्यांची भीती कळली. तरीही तिला जे म्हणायचं होतं ते तिने म्हटलंच.

"म्हंजे मी चोर झाले तर तुमची लक्ष्मी राहती, आन मी माणसावानी मागितलं तर जाती. मावशी, आसली कसली हो लक्ष्मी?"

बाटली हौदाच्या कठड्यावर ठेवून ती कामावर गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. बायनाबाई दिसल्या की मान फिरवायच्या. अंजू येता-जाता ऐकू जाईल असं बोलायची, भाडेकरू म्हणजे नाकापेक्षा मोती जड झालेत म्हणून. परमेश्वरने अप्पारावाला दुकानापाशी गाठून सांगितलं की पुढच्या वर्षी जागेचं काय ते बघावं लागेल. अप्पाराव हादरला. एका फांदीपायी बिऱ्हाड हलवायचं, तेही आत्ता, घरात बसावंसं वाटायला लागलं तेव्हा? बेबीनंदाने खिडकीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या झाडांकडे पाहिलं, भिंतीवरच्या लेकरांकडे पाहिलं. हे सगळं उचलून दुसऱ्या कुणाच्या माडीवर न्यायचं, या विचाराने तिला रडू आलं. पण जाऊन माफी मागते, असं तिच्या तोंडून निघालं नाही.

मग नळाचा दिवस आला. नळाच्या दिवशी अंगणात जत्रा असते, शेजारच्या बायाही बायनाबाईंच्या तोटीवर हंडे लावतात. बेबीनंदा आपल्या नंबरला उभी होती. बायनाबाई ओट्यावर बसून होत्या, बेबीनंदाचा तो लक्ष्मीचा प्रश्न मनात घोळवत. त्या एकाएकी उठल्या, हौदापाशी गेल्या, आणि चांगली हातभर लांब फांदी त्यांनी वेलावरून खुडून घेतली. सगळ्या बाया बघत राहिल्या. बायनाबाई चालत बेबीनंदासमोर आल्या. फांदी धरलेला हात त्यांनी पुढे केला.

"घे," त्या म्हणाल्या. "आन बघा गं समद्या. मी दिऊन राह्यले. माझ्या हातानं."

बेबीनंदाने हंडा खाली ठेवला, ओले हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी फांदी घेतली.

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं, पण त्याच महिन्यात बोअरची मोटार जळाली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. अंजूला मात्र कावळाच दिसला. ती तरातरा जिना चढून वर आली. वेल तोवर खिडकीच्या कोपऱ्यात मुरमाच्या कुंडीत लागला होता आणि त्याने एक नवं पान सोडलं होतं.

"काकू, तेवढी फांदी परत द्या," अंजू म्हणाली. "आत्यानं दिली, त्यांचं काय जातं? भोगायचं आमाला हाय."

"चोरली आसती तर परत केली आसती, अंजू. चोरीचं परत करावंच लागतं," बेबीनंदा म्हणाली. "ही दिलेली हाय. ज्यांनी दिली त्यांना मागू दे."

"मंग हे जागेचं बोलतील."

"बोलू दे."

अप्पाराव आत उभा होता. तो बायकोला आवरायला पुढे झाला नाही. अंजूने जिन्यावरून खाली वाकून सासूला हाक मारली, आत्या, वर या, आता तुम्हीच मागा.

आता हेही सांगायला हवं की एवढ्या वर्षांत बायनाबाई बेबीनंदाच्या घरी कधी आल्या नव्हत्या. लग्नाच्या वेळी नाही, सणाला नाही. गुडघे, म्हणायच्या. गच्चीवर वाळवण घालायला याच जिन्याने, याच दारावरून जाताना ते गुडघे दुखत नसत. बेबीनंदाने हे कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर तिला माहीत होतं.

बायनाबाई भिंतीला धरून वर आल्या. दाराशी थांबल्या, दम खाल्ला. आतलं सगळं त्यांनी हळूहळू बघितलं. मग चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि खिडकीखाली सतरंजीवर जाऊन बसल्या. त्यांच्या डोक्यावर त्यांचाच वेल होता.

"मागा की," अंजू दारातून म्हणाली.

"काय मागू? मोटार जुनी हुती, तिच्यात गाळ गेल्ता. मिस्तरी सांगून गेला न तुला? ती कवातरी जळायचीच हुती." बायनाबाईंनी पाय लांब केले. मग त्या बेबीनंदाकडे वळल्या. "एवढी वर्सं गुडघ्याचं सांगत हुते मी."

"म्हाईत हाय मला," बेबीनंदा म्हणाली.

बायनाबाईंची मान खाली गेली. मग त्या म्हणाल्या, "चहा ठिव. साखर कमी टाक."

बेबीनंदाने चहा ठेवला. तिचा राग गेला नव्हता, आणि एका चहाने तो जावा असं तिला वाटतही नव्हतं. पाहुण्यांसाठीची कपबशी तिने काढली नाही. ती आणि अप्पाराव रोज ज्यातून पितात त्यातलीच एक भरून तिने बायनाबाईंच्या हातात दिली.

अंजू पाय आपटत खाली गेली. अंगणात शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या, त्या वर बघत होत्या. अंजूने खालून ओरडून सांगितलं की आत्या, खाली या, लोक बघून राह्यले. अप्पाराव बिचारा भला माणूस. म्हातारीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो दार लोटायला पुढे झाला.

"लावू नगा," बायनाबाई म्हणाल्या. "बराबर दिसू द्या त्यान्ला."

आणि त्यांनी चहा बशीत ओतला आणि खाली अंगणात ऐकू जाईल असा मोठा फुरका मारला.